एक्केचाळीस सेकंद

सोहारला ऑगस्टात नळाखाली हात धरवत नाही.
पहाटे चारला बादल्या भरून ठेवायच्या,
रात्री आंघोळ. एवढं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.
पण त्या महिन्यात पाणी पिवळं येऊ लागलं,
आणि टाकीच्या झाकणाखाली कबुतराचं पीस निघालं.

कॅम्प-बॉसला सांगून झालं.
तो म्हणाला, इन्शाल्ला.
तीन शुक्रवार गेले.

मग अश्फाक परकारनं मोबाइल काढला.
दाभोळकडचा माणूस, क्रेनखाली झेंडी दाखवणारा,
आवाज मुळातच मोठा.
बादली, टाकी, पीस, पातेलं, शेवटी स्वतःचं तोंड:
"बगा, या पान्यात आमी डाळ शिजवतांव."
एक्केचाळीस सेकंद.
आम्हा तिघांना पाठवलं. खाली लिहिलं, आपल्यातच ठेवा.

आपल्यात म्हणजे किती जणांत
ते मी तेव्हा मोजलं नाही.
मेहुणा आपलाच की.
एकट्या त्याला पाठवलं,
आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपलो.

तोही काही वाईट माणूस नाही. त्याला चीड आली.
चिडून त्यानं गावाच्या पेजवर टाकलं,
वर तीन तिरंगे, खाली जोडलेले हात,
आपल्या माणसांचे हाल बघा, शेअर करा.
सकाळी मी सेफ्टी बूट चढवेपर्यंत
बावीस हजारांनी आमची डाळ पाहिली होती
आणि बादलीवरचं कंपनीचं नाव.

ऑफिसात अश्फाकला खुर्ची दिली, चहा दिला.
मंदूब सभ्य होता.
त्यानं व्हिडिओ लावला, थांबवला, परत लावला.
विचारलं, आवाज तुझाच?
अश्फाक म्हणाला, आणि पाणी तुमचंच.
हे त्यानं आम्हाला नंतर सांगितलं, हसत,
कार्टनला दोरी आवळताना.
कागदावर काय होतं ते त्याला कळलं नाही,
'बदनामी' एवढा एक शब्द कुणीतरी हिंदीत करून दिला.
सही त्यानं उर्दूत केली, चांगली लांबलचक.

तिघांतला कोण, हे त्यानं विचारलंच नाही.
विचारायला हवं होतं.
माझ्याकडे खोटं तयार होतं, दोनदा घोकलेलं.

मेहुण्याला फोन केला तर तोच माझ्यावर उसळला,
म्हणजे माणसानं बोलायचंसुद्धा नाही?
पाठीमागे त्याच्या अंगणात कुकरची शिट्टी झाली.
मी म्हटलं, बोल की.
तुझं तोंड कुठं होतं त्यात?

आणि मोतालेब.
तेहतिसाव्या सेकंदाला, पातेल्याच्या मागे, खालच्या खाटेवर,
तोंड उघडं टाकून झोपलेला,
फाटका बनियन, लुंगी गुडघ्याच्या वर.
सिल्हेटला त्याच्या आईला ठाऊक होतं,
मुलगा हॉटेलात मॅनेजर, स्वतंत्र खोली.
तिच्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून पोचलं, देव जाणे.
त्यानं आमच्यासमोर स्क्रीन धरली. भांडला नाही.
"मैं तो सोया था, भाई."

पाणी खरं होतं, पीस खरं होतं,
अश्फाकचं ओरडणं तर शंभर टक्के.
मोतालेबची झोपही खरीच होती.
ती आम्ही कुणाला विचारून दाखवली?

सप्टेंबरात टाकी धुतली. फिल्टर बसला, जर्मन आहे म्हणतात.
दारावर तीन भाषांत पाटी: आत चित्रीकरण मना.
पाणी आता स्वच्छ येतं. मी पितो.
दोन-दोन ग्लास पितो, आणि गोड लागतं, हे कुणाला सांगू?

अश्फाकला कळवावं म्हणून काल लिहायला घेतलं.
तीन ओळी लिहिल्या, तीन पुसल्या.
नुसता ग्लासचा फोटो पाठवू म्हणून मोबाइल वर धरला
आणि आधी मागे कोण आहे ते पाहिलं.

मोतालेबची खाट.
एसी बंद होता, उकाडा मरणाचा,
आणि त्यानं चादर ओढलेली,
पायांपासून डोक्यावरून, पार भिंतीपर्यंत.